ड्राइव्ह ठणठणीत, पण प्लेअरला वाचता येईना: घरच्या म्युझिक सिस्टमसाठी डिस्क कशी तयार करायची

मागच्या दिवाळीत मामांचा फोन आला. “अरे, डिस्क डबडा निघाली बघ. दोन टीबीची घेतली, पंधरा दिवस बसून सगळ्या सीड्या तिच्यावर चढवल्या, आणि सिस्टमला लावली तर म्हणते ‘नो डिव्हाइस’. दुकानदाराला परत नेऊन देऊ का?”

मी विचारलं, लॅपटॉपला लावल्यावर काय होतं?

“लॅपटॉपवर झकास वाजते की!”

म्हटलं, मग दुकानदाराला सोडा. डिस्क चांगली आहे, तुमच्या सिस्टमला ती वाचता येत नाही, एवढंच.

असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. कधी साउंडबारसाठी, कधी जुन्या मिनी हाय-फायसाठी, तर कधी सोसायटीच्या गणपतीत लावायच्या अँप्लिफायरसाठी. दर वेळी तेच सांगतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. कॉम्प्युटरची खास माहिती नसलेल्यांनाही जमेल. फक्त एक संध्याकाळ मोकळी ठेवा, कारण कॉपी व्हायला वेळ लागतो.

आधी भानगड समजून घ्या

डिस्क म्हणजे जमीन समजा आणि गाणी म्हणजे त्या जमिनीवरची घरं. कुठलं घर कुठे आहे, किती जागेत आहे, त्याचं नाव काय, हे सगळं एका दप्तरात लिहिलेलं असतं. हे दप्तर लिहायची जी पद्धत, ती फाइल सिस्टम. जुन्या वाड्यांचे कागद मोडीत असतात ना, तसंच आहे. कागद अस्सल असतो, जमीन जागेवर असते, पण समोरच्याला फक्त बाळबोध वाचता येत असेल तर त्याच्या लेखी तो कागद कोराच. लॅपटॉपला दोन-तीन लिप्या येतात. म्युझिक सिस्टमच्या पोटातल्या छोट्याशा चिपला बहुतेक वेळा एकच येते.

ज्या लिप्यांशी तुमची गाठ पडेल त्या अशा.

फॅट३२ ही १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. म्हातारी आहे, पण ती वाचता न येणारा प्लेअर शोधूनही सापडायचा नाही. घरच्या म्युझिक सिस्टमची बाळबोध म्हणजे हीच.

एनटीएफएस ही विंडोजची स्वतःची, १९९३ पासूनची. लॅपटॉपच्या आतली डिस्क हिच्यातच असते, आणि दुकानातून आणलेल्या बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कही. टीव्ही आणि नव्या रिसीव्हरांपैकी काहींना येते, काहींना नाही. मॅकला वाचता येते, पण तिच्यात लिहिता येत नाही.

एक्सफॅट २००६ ची. मोठ्या पेनड्राइव्हवर आणि ३२ जीबीच्या वरच्या मेमरी कार्डांवर सहसा हीच असते. विंडोज आणि मॅक दोन्हींना चालते, म्हणून लोक डोळे झाकून घेतात. पण मायक्रोसॉफ्टनं हिची उघड माहिती २०१९ मध्ये दिली. त्याआधी प्लेअर बनवणाऱ्याला परवाना घ्यावा लागायचा. स्वस्त प्लेअरवाल्यांनी तो खर्च टाळला, आणि म्हणून जुन्या सिस्टमना एक्सफॅट म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. मामांची डिस्क एक्सफॅटमध्येच होती.

मॅकच्या दोन: १९९८ ची एचएफएस प्लस आणि २०१७ ची एपीएफएस. गाण्याच्या ड्राइव्हसाठी दोन्ही विसरा.

ईएक्सटी४ ही लिनक्सची, २००८ ची. रास्पबेरी पाय नावाच्या हातभर छोट्या कॉम्प्युटरवर स्वतःचा प्लेअर उभा करणाऱ्यांसाठी उत्तम, बाकीच्यांच्या उपयोगाची नाही. तिच्याबद्दल पुढे बोलू.

पहिली पायरी: प्लेअरला काय येतं ते बघा

सगळे ड्राइव्ह विकत घेण्यापासून सुरुवात करतात, तिथेच चुकतं. आधी सिस्टमची माहितीपुस्तिका काढा. कपाटातल्या बॉक्समध्ये असेल, नाही तर मॉडेलचा नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवा. त्यात यूएसबीचं पान उघडून तीन गोष्टी शोधा: कुठली फाइल सिस्टम चालते, जास्तीत जास्त किती जीबीचा ड्राइव्ह चालतो, आणि एका फोल्डरमध्ये किती फाइल्स दिसतात. यामाहाच्या बऱ्याच एव्ही रिसीव्हरांच्या पुस्तिकेत फॅट१६ आणि फॅट३२ एवढीच दोन नावं असतात. तिथे ‘एक्सफॅटही चालेल बहुतेक’ असा आशावाद कामाचा नाही.

पुस्तिका मिळाली नाही तर फॅट३२ धरून चला.

आणि हो, मागच्या बाजूला चौकोनी तोंडाचं यूएसबी असेल तर ते ड्राइव्हसाठी नसतं. ते कॉम्प्युटरवरून आवाज घ्यायला असतं. काही सिस्टमवर यूएसबीच्या शेजारी ‘सर्व्हिस’ लिहिलेलं असतं, ते दुरुस्तीवाल्यांसाठी. एका काकांनी दोन दिवस त्यातच पेनड्राइव्ह घालून बघितला होता.

दुसरी पायरी: छोट्या पेनड्राइव्हवर चाचणी

घरात ८ किंवा १६ जीबीचा एखादा जुना पेनड्राइव्ह असतोच. तो लॅपटॉपला लावा. विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडून ड्राइव्हवर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा. ‘फाइल सिस्टम’पुढे जे लिहिलंय तीच त्याची लिपी. फॅट३२ असेल तर त्यावर पाच-सहा गाणी टाका: दोन एमपी३, दोन फ्लॅक (दर्जा न घालवता दाबलेल्या फाइल्स), आणि तुमच्याकडे ज्या प्रकारची असतील ती. मग सिस्टमला लावा.

इथे जे दिसेल त्यावरून निम्मं निदान होतं. ड्राइव्हच दिसला नाही तर गडबड फाइल सिस्टमची, पोर्टची किंवा विजेची. ड्राइव्ह दिसला, फोल्डर दिसले, पण काही गाणी गायब असतील तर फाइल सिस्टमला दोष देऊ नका. तो गाण्याचा प्रकार सिस्टमला वाजवता येत नाही. एमपी३ वाजतं आणि फ्लॅक दिसतच नाही, हे जुन्या सिस्टमवर अगदी नेहमीचं. कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी त्यानं फ्लॅक वाजायला लागणार नाही.

तिसरी पायरी: किती मोठा ड्राइव्ह हवा, याचा खरा हिशेब

इंटरनेटवर विचारलं की पहिलं उत्तर येतं, ‘फॅट३२ जुनाट आहे, ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही, एक्सफॅट करा.’ सिनेमे ठेवणाऱ्यांसाठी हे बरोबर आहे. गाण्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कोणी करत नाही.

सीडीच्या दर्जाचा, काहीही न दाबलेला आवाज मिनिटाला साधारण साडेदहा एमबी जागा घेतो. म्हणजे ४ जीबीची एक फाइल व्हायला पावणेसात तास लागतात. रात्री दहाला सुरू झालेली मैफल पहाटे पावणेपाचपर्यंत चालली, मध्ये एकदाही रेकॉर्डिंग थांबवलं नाही, तरी ती फॅट३२ च्या एका फाइलमध्ये मावते. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जात, रेकॉर्डिंग करणाऱ्यांना मात्र ही मर्यादा दोन तास चार मिनिटांवर लागते, आणि १९२ किलोहर्ट्झवर तासाभरात. जुन्या टेपवरच्या लांब मैफली या दर्जात उतरवत असाल तर विलंबित, द्रुत, मग पुढचा राग असे तुकडे करा. ते तसेही करायलाच हवेत, कारण दोन तासांच्या एका फाइलमधून द्रुत बंदिश शोधताना बोट दुखतं. शिवाय साध्या वेव्ह फाइलला (आवाज न दाबता ठेवणारी ती) तिच्या स्वतःच्या रचनेमुळेच ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही. तिथे एक्सफॅट घेऊनही काही साधत नाही.

आता ड्राइव्हचा आकार. ३२० केबीपीएसचं एमपी३ तासाला सुमारे १४४ एमबी घेतं. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर दोनशे तासांहून जास्त गाणी बसतात. रोज दोन तास ऐकलंत तरी तीन महिने एकही गाणं परत लागणार नाही. फ्लॅकमध्ये एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबीची होते. मामांच्या सीड्या होत्या तीनशेच्या आसपास. सगळ्या मिळून भरल्या सुमारे १०५ जीबी. म्हणजे दोन टीबीच्या डिस्कवर पंच्याण्णव टक्के जागा मोकळी होती! १२८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरला असता. मी हे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती.

मोठी डिस्क घेण्यात आणखी एक अडचण आहे. फाइल सिस्टमच्याही आधी डिस्कवर एक नकाशा असतो. जमिनीचे गट कसे पाडले, कुठून कुठपर्यंत, ते त्यात असतं. हा नकाशा दोन प्रकारचा: जुना एमबीआर आणि नवा जीपीटी. बऱ्याच प्लेअरना फक्त एमबीआर कळतो. एमबीआरची झेप नेहमीच्या डिस्कवर दोन टीबीच्या जरा पुढेपर्यंतच. त्यामुळे दोन टीबीची डिस्क त्यात बसते, चार टीबीची नाही. चार टीबी पूर्ण वापरायची तर जीपीटी करावं लागतं, आणि मग फॅट३२ असूनही प्लेअर डिस्कला ओळख देत नाही. लोक फाइल सिस्टम बदलून बदलून थकतात, नकाशाकडे कोणी बघतच नाही.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. एमपी३ ऐकणाऱ्यांनी ३२ किंवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. फ्लॅकवाल्यांनी १२८ किंवा २५६. त्याहून मोठा संग्रह असेल तर एक टीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क अगदी नाइलाज असेल तरच, त्याचं कारण पुढे येईल.

चौथी पायरी: फॉरमॅट मारण्याआधी

फॉरमॅट म्हणजे जुनं दप्तर फेकून नवं सुरू करणं. घरं लगेच पडत नाहीत, पण त्यांच्या नोंदी जातात. त्यामुळे ड्राइव्हवर जे आहे ते आधी दुसरीकडे कॉपी करा. कॉपी झाल्यावर दुसऱ्या जागेवरची चार-पाच गाणी मधूनमधून वाजवून बघा. मगच पुढे जा.

मामांनी सीड्या थेट डिस्कवर उतरवल्या होत्या, दुसरी प्रत कुठेच नव्हती. लॅपटॉपमध्येही जागा नव्हती. आम्ही दुकानातून १२८ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, त्याला आधी फॅट३२ केला आणि सगळं त्यावर घेतलं. डिस्कला हातच लावला नाही. हीच सर्वांत सुरक्षित पद्धत: नवा ड्राइव्ह तयार करा, जुना तसाच राहू द्या.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष फॉरमॅट

ड्राइव्ह ३२ जीबी किंवा लहान असेल तर विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवं बटण, ‘फॉरमॅट’, यादीतून फॅट३२, आणि ‘स्टार्ट’. झालं.

त्याहून मोठा असेल तर गंमत होते. त्या यादीत फॅट३२ बहुधा दिसतच नाही, फक्त एनटीएफएस आणि एक्सफॅट. यावरून ‘६४ जीबीचा ड्राइव्ह फॅट३२ होऊच शकत नाही’ असं दुकानदारही छातीठोकपणे सांगतात. खोटं आहे. ३२ जीबीची अडवणूक विंडोजच्या त्या खिडकीची आहे, फॅट३२ ची नाही. रूफस नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर उतरवा. ते मुळात विंडोज टाकायचे पेनड्राइव्ह बनवण्यासाठी आहे, पण आपलं काम चोख करतं.

रूफस उघडण्याआधी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि डिस्क काढून ठेवा. ही ओळ दोनदा वाचा. चुकीच्या ड्राइव्हवर फॉरमॅट मारणं हा या सगळ्या कामातला एकमेव न भरून येणारा अपघात आहे. मग वरच्या यादीत तुमचा ड्राइव्ह निवडा आणि त्याचा आकार जुळतोय ना ते बघा. ‘बूट सिलेक्शन’मध्ये ‘नॉन बूटेबल’, ‘पार्टिशन स्कीम’मध्ये एमबीआर, ‘फाइल सिस्टम’मध्ये फॅट३२ निवडा. बाकी काही छेडू नका. ‘स्टार्ट’ दाबा. पोर्टेबल हार्ड डिस्क यादीत दिसली नाही तर प्रगत पर्यायांत ‘लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्ह्स’वर खूण करा. नकाशा आणि लिपी दोन्ही एकदम होतात, वेगळं काही करावं लागत नाही.

मॅकवाल्यांनी ‘डिस्क युटिलिटी’ उघडावी आणि सगळ्यात आधी ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडावं. हे केलं नाही तर नकाशाचा पर्याय दिसतच नाही. डावीकडे सगळ्यात वरची, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची ओळ निवडा, तिच्या पोटातली नको. ‘इरेज’ दाबा. फॉरमॅट ‘एमएस-डॉस फॅट’, स्कीम ‘मास्टर बूट रेकॉर्ड’, म्हणजेच एमबीआर. नाव अकरा अक्षरांच्या आत, रोमन कॅपिटल अक्षरांत.

मॅकच्या या स्कीमवरून एकदा मी स्वतः चांगलाच फसलो. ड्राइव्ह फॅट३२ होता, गाणी होती, आणि सिस्टम दाखवत होती ‘नो साँग्स’. झालं होतं असं, की जीपीटी करताना मॅक सुरुवातीला २०० एमबीचा एक लपलेला कप्पा स्वतःसाठी काढून ठेवतो, आणि तोही फॅटच असतो. प्लेअर पहिला कप्पा उघडून बघत होता, तो रिकामा, मग बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता की गाणी नाहीत. असे प्लेअर पुष्कळ आहेत ज्यांना पहिल्या कप्प्याच्या पुढे जायचं माहीतच नाही. म्हणून एका ड्राइव्हचे दोन कप्पे करून एकात गाणी, एकात फोटो, असला संसार थाटू नका.

सहावी पायरी: गाणी चढवताना

इथपर्यंत येऊन लोक दमतात आणि सगळं एकदम ओढून टाकतात. मग फोन येतो की गाणी उलटसुलट वाजतात.

साधे प्लेअर नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, दप्तरात ज्या क्रमानं नोंद झाली त्या क्रमानं वाजवतात. म्हणजे जे गाणं आधी कॉपी झालं ते आधी. त्यामुळे एक-एक फोल्डर हव्या त्या क्रमानं कॉपी करा. मोठा संग्रह असेल तर फॅटसॉर्टसारखं साधन कॉपी झाल्यावर नोंदी नावाप्रमाणे लावून देतं. गाण्यांच्या नावापुढे आकडे घालायचे तर आधी शून्य लावून, दोन अंकी. नाही तर एकच्या मागून दहा, अकरा, बारा येतात आणि दोन नंबर कुठेतरी खाली जातो.

नावं देवनागरीत ठेवावीत का? फॅट३२ ला काही हरकत नाही, ती नाव व्यवस्थित साठवते. हरकत असते प्लेअरच्या छोट्या पडद्याला. त्याच्याकडे आपला फाँट नसतो, मग ‘भूप’च्या जागी दोन-चार चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात. चाचणीच्या पेनड्राइव्हवर एका गाण्याचं नाव देवनागरीत ठेवून बघा. दिसलं तर आनंदच. नाही दिसलं तर फाइल आणि फोल्डरची नावं रोमनमध्ये ठेवा, आकडेही इंग्रजीच. मला हे आवडत नाही, पण चौकोनांच्या यादीतून मारवा शोधणं त्याहून वाईट.

नावात विसर्गासारखा दिसणारा तो दोन ठिपक्यांचा कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि तिरक्या रेघा टाळा. फॅट३२ ला हे चालत नाहीत. लिनक्सवर ‘राग कोलन यमन’ अशी नावं सहज दिली जातात आणि कॉपी करताना मध्येच गाडी अडते.

मॅकवरून कॉपी केलं असेल तर आणखी एक उपद्रव. प्रत्येक गाण्याला एक जुळं भावंड तयार होतं, नाव तेच पण सुरुवातीला टिंब आणि खालची रेघ. आकार काही केबींचा. मॅकवर ते लपलेलं असतं, पण प्लेअर त्याला गाणं समजून वाजवायला जातो आणि गप्प बसतो किंवा अडकतो. विंडोजच्या लॅपटॉपवर ड्राइव्ह लावा, लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगा आणि ही भावंडं निवडून उडवा. खरी गाणी काही एमबींची असतात, त्यामुळे आकारानं लावलं की लगेच वेगळी पडतात.

शेवटी ड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करा. फॅट३२ आणि एक्सफॅट या दोन्हींमध्ये अर्धवट राहिलेल्या लिखाणाची वेगळी नोंद ठेवायची सोय नाही. लिहिता लिहिता ओढून काढला तर दप्तराचं पान फाटतं.

तरीही दिसत नसेल तर

कान डिस्कजवळ न्या. टक… टक… असा आवाज आणि दिवा लुकलुकतोय? वीज पुरत नाही. साध्या यूएसबी २ पोर्टनं ५०० मिलिअँपियर द्यायचे असतात, यूएसबी ३ नं ९००. तबकडीच्या डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागू शकतात. लॅपटॉप ते देतो, सिस्टमचं पोर्ट देत नाही. फिरत्या डिस्कपेक्षा पेनड्राइव्ह बरा म्हणालो ते याचसाठी. डिस्कच वापरायची तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला.

ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) किंवा कंपनीचं पासवर्डचं कुलूप असेल तर कुठलाच प्लेअर तो उघडणार नाही. कुलूप काढा किंवा दुसरा ड्राइव्ह घ्या.

ड्राइव्ह लावल्यावर सिस्टम पाच-दहा मिनिटं नुसतीच ‘रीडिंग’ दाखवत असेल तर घाई करू नका. हजारो फाइल्सची यादी बनवायला छोट्या चिपला वेळ लागतो. एकाच फोल्डरमध्ये दोन हजार गाणी कोंबली असतील तर त्यांची वेगवेगळ्या फोल्डरांत फोड करा.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी

हा वर्ग वेगळा आहे आणि वाढतोय. रास्पबेरी पाय, त्यावर व्हॉल्युमिओ किंवा मूड ऑडिओ हे प्लेअरचं सॉफ्टवेअर, आणि एक बऱ्यापैकी डॅक (डिजिटल गाण्याचा अँप्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं यंत्र). आत लिनक्स असल्यामुळे याला बहुतेक सगळ्या लिप्या येतात, जीपीटीही कळतं. चार टीबीची डिस्क इथे बिनधास्त चालते. मॅकची एपीएफएस तेवढी टाळा, लिनक्सच्या गाभ्यात तिची सोय नाही.

ड्राइव्ह कायम पायलाच जोडलेला राहणार असेल तर ईएक्सटी४ करा. तिच्यात नोंदवही असते. काय लिहायला घेतलं होतं ते आधी टिपून ठेवलेलं असतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी दप्तर सहसा शाबूत राहतं. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि प्लेअर त्याच वेळी सीडी उतरवत असतो, म्हणून मला हा मुद्दा मोठा वाटतो. गाणी टाकायची तर ड्राइव्ह काढायचाच नाही, घरच्या वायफायवरून पायचा शेअर केलेला फोल्डर लॅपटॉपवर उघडायचा आणि त्यात टाकायची. देवनागरी नावांबाबत एक बारीक अडचण: ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवायचं. राग, ताल, गायक, साथीदार, गाव, साल असं सगळं नावात लिहिणाऱ्यांनी जरा हात आखडता घ्यावा.

ड्राइव्ह लॅपटॉप आणि पाय यांच्यात ये-जा करणार असेल तर एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालेल. एनटीएफएसचा ड्राइव्ह विंडोजमधून इजेक्ट न करता ओढलात तर त्यावर ‘अर्धवट’ अशी खूण राहते, आणि लिनक्स तो घ्यायला नकार देऊ शकतं किंवा फक्त वाचायला घेतं. परत विंडोजला लावा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टूल्स’, तिथे ‘चेक’. नीट इजेक्ट करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं जमतं.

पाय ५ असेल तर अडॅप्टर बघून घ्या. ५ अँपियरचा अडॅप्टर नसेल तर तो सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपियर देतो. तो असेल तर १.६ अँपियर. जुन्या फोनचा चार्जर लावून हार्ड डिस्क फिरवायला गेलात तर पुन्हा तेच टक… टक…

एक चिठ्ठी चिकटवा

काम झालं की ड्राइव्हवर कागदाची बारीक पट्टी चिकटवा. त्यावर फाइल सिस्टम, एमबीआर की जीपीटी, आणि तारीख लिहा. आपल्याला वाटतं लक्षात राहील, पण नाही राहत.

ईएक्सटी४ किंवा मॅकचा ड्राइव्ह असेल तर आणखी एक ओळ हवीच. असा ड्राइव्ह विंडोजला लावला की ते वाचता न आल्यामुळे विचारतं, ‘हा वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करू का?’ घरात कोणीतरी, बहुधा सुट्टीला आलेला भाचा, मदत करायच्या उत्साहात ‘हो’ म्हणतो. मॅकही ‘इनिशिअलाइझ’ की ‘इजेक्ट’ असं विचारतो.

मामांचा पेनड्राइव्ह सिस्टमच्या मागे कायमचा लागलेला आहे आणि दोन टीबीची डिस्क कपाटात, दुसरी प्रत म्हणून. त्या डिस्कवर मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘एक्सफॅट. सिस्टमला लावू नये. कॉम्प्युटरनं काहीही विचारलं तरी नाही म्हणावं.’